गडावरचा तांबडा दिवा

धाकटी लेक जपानी शिकायला जायची तेव्हाची गोष्ट. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परदेशी भाषांचे वर्ग भरतात, तिथं ती जायची. एका संध्याकाळी वही घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "आई, गृहपाठ आहे. घरातल्या एका माणसाला त्याच्या आवडत्या टीव्ही कार्यक्रमांबद्दल विचारायचं आणि जपानीत दहा वाक्यं लिहायची. सांग पटापट."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "लिही. पहिला, आमची माती आमची माणसं."

ती हसायला लागली. "तो शेतीचा कार्यक्रम ना? तो कुणाला आवडायचा?"

"मला आवडायचा," मी म्हटलं. "लिही तू."

तिनं लिहिलं. पण तो का आवडायचा हे सांगायला लागले आणि तव्यावरची भाकरी करपली. दहा वाक्यांत मावणारं नव्हतंच ते. तिच्या वहीत जे मावलं नाही, ते इथं लिहिते आहे.

माझं गाव खडकवासल्याच्या धरणाच्या पाण्याला लागून, उत्तरेच्या काठावर. समोर पाणी, पाण्यापलीकडं पानशेतचा रस्ता आणि त्याच्या मागं सिंहगड. पुण्याला जायचं तर होडीनं पलीकडं उतरायचं आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत बसायचं. १९७२ साली दोन ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभा राहिला. मुंबईची चित्रं त्या मनोऱ्यावर यायची आणि तिथून पुण्यातल्या घराघरांत जायची. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा गावात एवढंच ठाऊक होतं, की गडावर लोखंडाचं काहीतरी उंच उभं केलंय आणि रात्री त्याच्या टोकाला तांबडा दिवा लागतो. गावात वीज नव्हती. आमची म्हातारी माणसं म्हणायची, सरकारनं तानाजीच्या समाधीपाशी दिवा लावलाय. लांबूनच हात जोडायची.

म्हणजे चित्रं आमच्या कौलांवरूनच जात होती. पण ती बघायला मला पुण्यालाच यावं लागलं आणि आले ती पोर सांभाळायला.

वडील मुंबईला डबे पोचवायचे. मावळ-मुळशीतली किती तरी माणसं त्या कामात होती, अजून आहेत. लोकलमधून उतरताना पडले, पाय अधू झाला, घरी येऊन बसले. आम्ही पाच भावंडं. शेतात आंबेमोहर पिकायचा, सगळ्या शिवारात वास सुटायचा, पण तो खळ्यावरूनच उचलीच्या हिशेबात जायचा. आमच्या ताटात नाचणी, नाही तर वरई. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू. भात म्हणजे सणाला, नाही तर आजाऱ्याला.

१९७६ च्या जूनमध्ये, लावण्या तोंडावर आलेल्या असताना, मला सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात पाठवलं. मी दहा वर्षांची. महिना पंधरा रुपये, दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला परकर-पोलकं, असं ठरलं होतं. पंधरा रुपये परस्पर घरी जायचे. गावातली एक बाई मला पोचवायला आली होती. आई काठापर्यंत आली. होडी सुटली तशी तिनं पाठ फिरवली. होडी मध्यावर जायच्या आत ती चढ चढायला लागली होती. मी तिच्या पदराकडं बघत राहिले. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

हे मी वीस वर्षं मनात धरून ठेवलं. पुढं शहाणी झाले, लग्न झालं, मलाही मुलगा झाला, तरी ते काही जाईना. आणि त्याच्याच जोडीला दुसरं एक होतं. वाड्यात मी चार वर्षं राहिले. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला दोन-दोन दिवस घरी जायचे. पण त्या चार वर्षांत आई मला बघायला एकदाही आली नाही.

वाड्यातली माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते. वहिनींनीच मला पुढं महापालिकेच्या शाळेत घातलं. सातवीपर्यंत शिकले, म्हणून बालवाडीत नोकरी लागली आणि आज हे लिहिते आहे. पण कुणी कुठं बसायचं हे त्या घरात ठरलेलं होतं. टीव्ही माजघरात होता, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं, त्यांना कुलूप. वर भरतकामाचं कापड. घरातली माणसं आत बसायची. मी उंबऱ्याच्या बाहेर, मांडीवर बाळ. बाळ रडलं तर उठून चौकात जायचं. त्यामुळं मी कुठलाच कार्यक्रम कधी सलग बघितला नाही. तुकडे तेवढे बघितले.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ मी तसेच तुकड्यातुकड्यानं बघितले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. सगळा वाडा हसायचा. मला अर्धे विनोद कळायचे नाहीत. पेठेतल्या माणसांचं बोलणं, त्यांचे टोमणे, त्यांची अडचण, सगळं मला परकं. पण आतली माणसं हसली की मीही हसायचे, जरा मागून. हसल्यावर बाळ माझ्या तोंडाकडं बघून हसायचं. म्हणून चिमणराव माझा दुसरा आवडता.

आणि पहिला, तो शेतीचा. तो लागला की माजघर रिकामं व्हायचं. कुणी पानं घ्यायला उठायचं, कुणी हात-पाय धुवायला. टीव्ही मात्र चालूच राहायचा, पुढच्या कार्यक्रमासाठी. तेवढा वेळ तो माझा एकटीचा. उंबऱ्याच्या बाहेरूनच, पण मधे कुणाची डोकी नाहीत. त्यात राब दिसायचा, रोप दिसायचं, चिखलणी दिसायची. पुण्यात येऊन मला काहीच येत नव्हतं. गॅस लावता येत नव्हता, नळ घट्ट बंद करता येत नव्हता, बोलले की मुलं चिडवायची. पण टीव्हीतला माणूस लावणीबद्दल बोलायला लागला, की मला वाटायचं, हे मला येतं. एकदा तो दोरी धरून ओळीत रोपं लावायची पद्धत सांगत होता. मी बाळाला म्हटलं, "ही जपानी लावणी." आतून आजींनी विचारलं, "काय गं, कसली जपानी?" मी सांगितलं, आमच्याकडं असंच म्हणतात. पन्नासच्या दशकात सरकारनं जपानी पद्धतीच्या भातशेतीचा गावोगाव प्रचार केला होता, त्यातलं ते नाव आमच्याकडं राहिलं होतं. जपान कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ती भात लावायची एक रीत होती.

आजी म्हणाल्या, "बघा, पोरीला ठाऊक आहे हो." त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

शनिवारी मराठी सिनेमा असायचा. तेव्हा वाड्यातली सगळी बिऱ्हाडं यायची, शेजारच्या वाड्यातली यायची, बोळातून जाणारी अनोळखी माणसंही चौकात उभी राहून बघायची. दारात चपलांचा ढीग. माझी उंबऱ्याजवळची जागाही जायची. मग मी बाळाला घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे. तिथून माणसांच्या डोक्यांवरून पडदा दिसायचा.

पहिल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला सांगितलं, मी पेटीत चित्रं बघते. तिला पटेना. तेव्हा वहिनींनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं, की ती चित्रं आपल्या गडावरच्या त्या तांबड्या दिव्याच्या खांबावरून येतात. आईनं दिव्याकडं बघितलं आणि म्हणाली, "असंल." आणि चुलीकडं वळली. मला राग आला. वाटलं, हिला कशाचंच काही नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. लग्न झालं, नवरा भोसरीला कारखान्यात. हप्त्यानं काळा-पांढरा टीव्ही घेतला, तेव्हा पहिली चार दिवस मी तो खुर्चीवर बसून बघितला. बसायला कुणाला विचारावं लागत नाही, याचंच मोठं अप्रूप. १९८७ साली रामायण लागलं तेव्हा आमच्या चाळीतली माणसं आमच्याकडं जमायची आणि मी सगळ्यांना आत बसवायचे. उंबऱ्याबाहेर कुणाला बसू द्यायचे नाही. बायका म्हणायच्या, "अहो राहू द्या, दिसतंय इथून." मी हाताला धरून आत आणायचे. नव्वदनंतर मुलगा रविवारी सकाळी मोगलीचं जंगलबुक बघायचा, त्यातला नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान आला की माझ्या मांडीवर येऊन बसायचा. तेही कार्टून मूळचं जपानी, हे मला लेकीनं सांगितलं.

आणि मग ओशिन.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ती हिंदीत दाखवायचे. त्याच सुमाराला आई आमच्याकडं आली होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डोळ्यावर पट्टी, वर हिरवं कापड. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, रडायचं नाही. आई कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मी टीव्ही लावायचे. तिला हिंदी कळत नव्हतं. "काय चाललंय गं?" असं विचारायची. मग मी सांगत जायचे.

"जपानातली गोष्ट आहे. डोंगरातलं गाव आहे. गरीब आहेत. भात पिकवतात, पण खंडातच जातो सगळा. भातात मुळा चिरून घालतात आणि तेच खातात."

"मग आपल्यासारखंच की."

"हो. आणि एक सात वर्षांची पोरगी आहे, ओशिन. तिला कामाला पाठवताहेत. पोर सांभाळायला."

आई काही बोलली नाही. मीही पुढं सांगायची थांबले. पण टीव्ही चालूच होता. बाहेर सगळं बर्फ. नदीतून लाकडाचा तराफा निघालाय, त्यावर ती पोरगी गाठोडं घेऊन बसली आहे आणि आईबापाला हाका मारते आहे. हाका कळायला हिंदी यावं लागत नाही. आईनं भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"होडीत बशिवली का तिला?"

"हो."

"किती दिलं?"

"वर्षाचं एक पोतं तांदूळ."

"आन् तिची आय काय करतीया?"

"रडतेय."

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं हाय. मला न्हाई उभं ऱ्हायला आलं. उभी ऱ्हायले असते तर होडी माघारी बोलावली असती. बोलावून खायाला काय घातलं असतं?"

मी टीव्हीचा आवाज बारीक केला. वीस वर्षं जे विचारलं नव्हतं, ते तेव्हा विचारलं. "आणि नंतर? चार वर्षांत एकदा तरी बघायला यायचं होतंस."

"आल्ते की."

"कधी?"

"दुसऱ्या उन्हाळ्यात. करवंदं, जांभळं घिऊन मंडईला आल्ते. इकली आन् तुझा वाडा इचारत आले. तुला न्यायालाच आल्ते. ह्यांना सांगितलं नव्हतं. शनवार व्हता. चौकात ही माणसं. मला वाटलं, कुणी मेलंबिलं का काय. मग कळलं, समदी चित्रं बघत्यात. म्या मागं उभी ऱ्हायले. तू जिन्यावर व्हतीस, मांडीवर पोर. पेटीकडं बघून हसत व्हतीस. त्ये पोरबी हसत व्हतं. म्हटलं, हितं पोरगी हसतीया. घरी निऊन काय दिऊ हिला?"

"हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर तू संगं आली असतीस."

ती रात्र तिनं स्वारगेटच्या स्टँडवर काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं परत गेली. वडलांना सांगितलं, माल उशिरा खपला.

पट्टीखालून पाणी येत होतं. मी म्हटलं, "आये, रडू नकोस, डॉक्टर रागावतील." ती म्हणाली, "तू बी रडू नगस." आणि मग म्हणाली, "रोज रातच्याला गडाकडं बघायची म्या. तूच सांगितलं व्हतंस ना, चित्रं तितनं येत्यात म्हणून. दिवा लागला का वाटायचं, आता पोरगी चित्रं बघत असंल. हसत असंल."

त्या शनिवारी कुठला सिनेमा होता, हे मी किती तरी वेळा आठवायचा प्रयत्न केला आहे. आठवत नाही. मी हसले असेन, हे खरं. रात्री गोणपाटावर पडून तिच्या नावानं रडलेही असेन, तेही खरं. तिला हसणंच दिसलं, आणि मला तिची पाठच दिसली होती. दोघींनीही तुकडाच बघितला होता.

आई त्यानंतर महिनाभर राहिली आणि ओशिन रोज ऐकत राहिली. ओशिनवर चोरीचा आळ आला, ती बर्फातून पळाली, तेव्हा आई त्या मालकांना मावळी भाषेत शिव्या देत होती. दुसऱ्या घरच्या म्हातारीनं ओशिनला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, तेव्हा म्हणाली, "तुझ्या वहिनीवाणी." टीव्ही बघायची परवानगी मिळाली त्या दिवशी पहिल्यांदा तिनं ओशिनचा चेहरा बघितला. तोवर पोरगी मोठी झालेली, नटी बदललेली. आई म्हणाली, "ही न्हवं ती. माझी ओशिन बारकी व्हती."

लेकीनं हे सगळं ओट्याशी उभं राहून ऐकलं. वही मिटलेली. नंतर तिनं शोधून शोधून मला ओशिनची माहिती आणून दिली. १९८३ च्या एप्रिलपासून वर्षभर जपानच्या एनएचकेवर ती रोज सकाळी पंधरा मिनिटं लागायची. एकूण २९७ भाग. लिहिणारी बाई, सुगाको हाशिदा. लहानपणीची ओशिन आयाको कोबायाशी, तरुणपणीची युको तानाका, म्हातारपणीची नोबुको ओतोवा. जास्तीत जास्त प्रेक्षकसंख्या शेकडा ६२.९ पर्यंत गेली होती. जगात साठाहून जास्त देशांत दाखवली. मी म्हटलं, म्हणजे पोरी होडीत बसवणाऱ्या आया साठ देशांत होत्या. लेक म्हणाली, "हे वाक्य मला जपानीत नाही येणार."

आता ती पुण्यातच एका कंपनीत जपानी दुभाष्याचं काम करते. घरी आली की मला जपानी मालिका लावून देते. मला आवडते ती मिडनाइट डायनर. टोकियोतल्या बोळात एक लहानशी खानावळ, रात्री बाराला उघडते आणि सकाळी सातला मिटते. मालकाच्या डोळ्यावर जुना वण. फळ्यावर पदार्थ एकच, पण गिऱ्हाईक जे मागेल ते घरात सामान असेल तर तो करून देतो. एका भागात तीन बिनलग्नाच्या मैत्रिणी येतात आणि तिघी भातावर चहा ओतून खातात. लेकीला वाटलं, आईला हे विचित्र वाटेल. मला काही वाटलं नाही. आम्ही शिळ्या भातावर ताक ओतून खायचो, ताक नसलं तर नुसतं पाणी आणि मीठ. उरला असेल तेव्हा.

त्या खानावळीत कुणी उंबऱ्याबाहेर बसत नाही. मालक सगळ्यांना एकाच फळीभोवती बसवतो. मला ती मालिका त्यासाठी आवडते.

आई जाऊन बारा वर्षं झाली. आम्ही आता सिंहगड रस्त्यावर राहतो, जिथं पु. ल. देशपांड्यांच्या नावाची ती जपानी बाग आहे, तिच्या पुढं. माझ्या घरातली चित्रं आता गडावरून येत नाहीत, फोनमधून येतात. पण गच्चीतून गड दिसतो आणि रात्री त्याच्यावरचे दिवेही दिसतात. कपडे काढायला जाते तेव्हा क्षणभर थांबते.

लेकीच्या गृहपाठाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. दहावं वाक्य तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं. मी विचारलं तेव्हा तिनं मराठीत करून सांगितलं: माझी आजी टीव्ही बघत नव्हती, पण टीव्हीचा दिवा रोज बघायची. बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून विचारलं होतं, टीव्हीचा दिवा म्हणजे काय? म्हणून एक गुण गेला.